थबक

रेवा अजून चालत नव्हती. अकरा महिने पूर्ण झाले होते. सोफ्याला धरून उभी राहायची, उजवा पाय उचलायची आणि तो तसाच हवेत धरून ठेवायची. पावलाखाली काय असेल याचा विचार चाललेला असावा. फरशी, चटई, की अजून कुणी न सांगितलेलं काहीतरी. मग पाय होता तिथेच परत ठेवायची आणि माझ्याकडे बघून हसायची, जणू तेवढ्यात ती कुठेतरी जाऊन आली.

त्या हवेतल्या पावलावरच आमचं पोट चालत होतं, म्हणजे माझी नोकरी.

पाऊल जमिनीला टेकण्याआधी एक इवलीशी वाट बघतं, हे आमच्या प्रयोगशाळेने सहा वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं. मेंदूत जागांचे नकाशे सांभाळणाऱ्या पेशी असतात. घरात, रोजच्या रस्त्यावर नकाशा तयारच असतो, त्यामुळे पाय न विचारता पडतो. नव्या जागी मात्र पाय आधी विचारतो आणि उत्तर येईपर्यंत हवेत थांबतो. हे थांबणं पापणी मिटायला लागणाऱ्या वेळाच्या दहाव्या हिश्शाएवढं. स्वतःच्या घरात तीन-चार मिलिसेकंद, परक्या जागी पंचवीसच्या पुढे. तेही फक्त पहिली चाळीस सेकंदं. त्यानंतर पाय जमीन शिकून घेतो आणि आपण तिथले होऊन जातो.

आमच्या विभागप्रमुखांनी या थांबण्याला एक लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. माझ्या आईने ते ऐकलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, म्हणजे थबकणंच की." तेव्हापासून सगळे त्याला थबक म्हणायला लागले. मोजायला बुटात घालायचा एक पट्टा होता, पापडाइतका पातळ. पाऊल दाबलं गेलं की तो नोंद करायचा. त्याची आज्ञावली, म्हणजे कुठली नोंद घ्यायची, कुठली सोडायची, हे सगळं मी लिहिलं होतं.

मैदान समितीने आम्हाला बोलावलं ते यासाठीच. चार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांची महिला फुटबॉल स्पर्धा दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी अंतिम सामना कुठे घ्यायचा यावरून भांडणं व्हायची. दोन वर्षांपूर्वी तर प्रकरण इतकं पेटलं की सामना झालाच नाही, करंडक कपाटात राहिला. मग नियम झाला. मैदान दोन्ही संघांना सारखंच परकं हवं. दोघांच्या थबकेत पाच मिलिसेकंदांहून जास्त फरक नको. आणि हंगामात त्या मैदानावर कुणी गुपचूप सराव केलेला आढळला, तर तो संघ बाद.

यंदा अंतिम फेरीत कोल्हापूर शहरातलं एक महाविद्यालय होतं आणि चंदगड तालुक्यातलं एक अगदी लहान, साडेतीनशे मुलींचं. मैदानं दोन उरली होती. एक पुण्याजवळचं छत असलेलं, प्लास्टिकच्या गवताचं. दुसरं गडहिंग्लजचं, मातीचं, कडेला चिंचा असलेलं. चाचणीच्या वेळी मैदानात बघणारं कुणी ठेवायचं नाही अशी आमची पद्धत, कारण कुणी बघत असलं की पाऊल बदलतं. मुली यायच्या, पट्टे घातलेले बूट घेऊन एकट्या मैदानात जायच्या. रेषा ओलांडली की नोंद सुरू, चाळीस सेकंदांनी बंद.

आकडे मीच वाचून दाखवले. रेवा माझ्या मांडीवर समितीच्या अध्यक्षांचं पेन चावत होती.

"पुणे. कोल्हापूर एकोणतीस, चंदगड तेहतीस."

"बसतंय नियमात," अध्यक्ष शिंत्रे सर म्हणाले. सर निवृत्त क्रीडाशिक्षक, आवाज अजून मैदानावरचा. "आणि गडहिंग्लज?"

"कोल्हापूर सत्तावीस. चंदगड..." मी एकदा पडद्याकडे नीट बघितलं. "शून्य."

"शून्य?"

"अकराच्या अकरा जणींची."

"अगं केतकी, शून्य तर आईच्या पोटातच येत असेल."

सगळे हसले, मीही हसले. तेव्हाच थांबायला हवं होतं. स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा कुणाची थबक शून्य येत नाही. पण मला त्या आकड्याचा, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. काय यंत्र केलंय आपण, गुपितं बाहेर काढतं!

कोल्हापूरच्या संघाचे व्यवस्थापक खुर्ची मागे सारत म्हणाले, "म्हणजे पोरी तिथं पडीक असतात. सुट्ट्यांत एसटीनं येऊन खेळत असणार. काढा नोटीस."

नोटीस निघाली. सोमवारपर्यंत खुलासा नाही आला तर चंदगड बाद आणि उपान्त्य फेरीत हरलेला साताऱ्याचा संघ पुण्याला खेळणार. मी खाली सही केली. सही करताना रेवाने कागदावर लाळेचा एक सुंदर गोल थेंब पाडला.

घरी मी आणखी एक आकडा जपून ठेवला होता.

आज्ञावली तपासायला घरातला नमुना लागायचा, म्हणून दीड वर्षापूर्वी निनादच्या घरात घालायच्या सपातांमध्ये मी पट्टे बसवले होते. निनाद माझा नवरा, तंत्रनिकेतनात शिकवतो. त्याने हसत परवानगी दिली होती. "घाल बाई. बायकोला पायाखालची बातमी हवी असते." पहिल्या महिन्यांत त्याची थबक चार होती. रेवा झाल्यावर वाढत गेली. नऊ, पंधरा, बावीस. गेले काही महिने एकतीस.

एकतीस म्हणजे परका माणूस. पहिल्यांदाच घरात आलेला पाहुणासुद्धा सत्तावीसला थांबतो.

मी त्याला विचारलं नाही. विचारणार तरी काय? तुझे पाय या घराला ओळखत नाहीत, असं का? मी फक्त उत्तरं लहान करत गेले. जेवणार? हो. भाजी कशी झालीय? बरी. तो रेवाला उचलायला वाकला की मी त्याच्या पावलांकडे बघायची. चांगली, रुंद, थोडी बाहेर वळलेली पावलं. लग्नाआधी रंकाळ्यावर फिरताना मी त्यांच्याच बरोबरीने माझी टाकत असे.

"काय झालंय, केतू?" त्याने गुरुवारी विचारलं.

"कुठे काय."

"तू माझ्याकडे प्रयोगशाळेतल्यासारखी बघतेस."

मी रेवाचं लाळेरं धुवायला उठले.

शनिवारी गडहिंग्लजला फेरचाचणी होती, समितीच्या समाधानासाठी. मला जायची गरज नव्हती. पण उंच पिलरवरच्या रस्त्याने धावणाऱ्या नव्या बसमध्ये बसायला रेवाला आवडायचं, आणि मला घराबाहेर पडायचं होतं.

सकाळचं धुकं मैदानावर दुधाच्या सायीसारखं पसरलं होतं. चिंचेची झाडं बुंध्याशिवाय तरंगत होती. दुसऱ्या टोकाचा गोलखांब दिसत नव्हता, आणि कुठूनतरी झाडूचा आवाज येत होता, लांब, सावकाश, जसा कुणी झोपेत श्वास घेतो. थोड्या वेळाने धुक्यातून एक म्हातारा बाहेर आला. मैदान राखणारे नूरमामा. त्यांनी आधी रेवाला बघितलं, मग मला.

"यंत्रवाल्या बाई तुम्हीच व्हय?"

"हो."

"लई नाव घालवलंसा की पोरींचं."

ते रेवापुढे बोट नाचवत म्हणाले, "चाळीस वर्षं झाली हितं. कोण येतंय, कोण जातंय, मला ठावं न्हाई? त्या पोरी त्या दिवशी पैल्यांदा आल्या. पैल्यांदा! रस्ता इचारत आल्या. चांगल्या हायत. पायताणं हातात घिऊन आत गेल्या."

"काय हातात घेऊन?"

"पायताणं. ते तुमचं बूट. नाड्या बांधून कुणी गळ्यात, कुणी हातात. सगळ्या मैदानाला एक येढा मारला अनवाणी, मग बसून घातलं."

मी रेवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. धुकं एकदम खूप शांत वाटायला लागलं.

बूट रेषा ओलांडून गेले होते. नोंद सुरू झाली होती. चाळीस सेकंदं ते बूट गळ्यात झुलत होते, त्यांच्या तळावर कुणाचाही भार नव्हता. दाब नाही म्हणजे पाऊल नाही, पाऊल नाही म्हणजे थबक नाही. आणि जिथे काहीच नोंद नसेल तिथे काय धरायचं? ते मीच लिहिलं होतं, मागच्या डिसेंबरात. 'शून्य धरा.' एक ओळ. रिकाम्या जागेला मी आकडा देऊन टाकला होता.

ईश्वरी गावडे, चंदगडची कर्णधार, साडेनऊच्या बसने एकटीच आली. बाकीच्या मुलींना तिने आणलंच नव्हतं. उंच, काटक, कपाळावर जुनी खोक. तिने मला नमस्कार केला आणि हात बांधून उभी राहिली.

"तुम्ही बूट काढून आत गेला होतात?" मी विचारलं.

"हो."

"मग नोटिशीला उत्तर का नाही दिलंत?"

"दिलं की. सराव केला नाही म्हणून लिहिलं. तुमच्या पत्रात होतं, 'पूर्वपरिचयाबाबत खुलासा करावा.' परिचयच नाही तर खुलासा कसला करायचा, मॅडम?"

"पण बूट काढल्याचं..."

"ते काय सांगायचं? सकाळी उठून दात घासले हे सांगतं का कुणी?" मग जरा सैल होत म्हणाली, "आमचं मैदान म्हणजे पाच घरांची खळी आहेत, एकाला एक जोडलेली. सुगीत मळणी, बाकी वर्षभर फुटबॉल. खळ्यात पायताण घालून गेलं की आजी काठी घेऊन मागं लागते. तिथं धान्य पडतं ना. मग सवयच झाली. कुठलंही मातीचं मैदान असलं की पहिला वेढा अनवाणी."

"आणि पुण्याला?"

तिने पहिल्यांदाच हसून माझ्याकडे बघितलं. "प्लास्टिकच्या गवताला कोण पाया पडतं, मॅडम?"

मी पट्टा काढला आणि तिच्या तळव्याला चिकटपट्टीने लावला. तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, बोटं थंड. रेवा नूरमामांच्या हातात त्यांची टोपी ओढत होती. ईश्वरीने रेषेपाशी वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि धुक्यात चालत गेली. मी हातातल्या पडद्याकडे बघत राहिले.

अडतीस.

कोल्हापूरच्या मुलींपेक्षा, कुठल्याही परक्यापेक्षा जास्त. तिच्याकडून घरच्या खळ्यावर काय होतं हेही मी नंतर मोजवून घेतलं. जन्मापासून खेळलेल्या त्या मातीवर, पहिल्या अनवाणी वेढ्यात, छत्तीस.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "पाऊल टाकताना काय वाटतं? भीती?"

"भीती कशाची?" ती पायाची पट्टी सोडवत म्हणाली. "लहान बाळ झोपलेलं असलं की आपण अंथरुणावरून कसं जातो? तसं टाकतो."

परतीच्या बसमध्ये रेवा माझ्या छातीशी झोपली. खाली ऊस मागे मागे सरकत होता. मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते, पण तिच्याकडे सरळ बघत नव्हते.

रविवारी दुपारी रेवा पाळण्यात होती. मी आतल्या खोलीच्या दाराआड जमिनीवर बसून पडदा मांडीवर घेतला होता, पण काम करत नव्हते. एरवी या वेळी मी रेवाच्या शेजारी झोपलेली असते.

दार उघडलं. निनाद भाजी घेऊन आला. बूट काढले, सपाता घातल्या. त्याला मी दिसत नव्हते.

आमच्या बोळकांडीतली तिसरी फरशी हलते. नेमकी पाय देण्याच्या जागी, आणि दिला की ठक् वाजते. त्या ठक्‌ला रेवा हमखास उठते. मला ते माहीत होतं, तरी मी कितीदा धाडकन पाय देऊन स्वतःलाच शिव्या दिल्या असतील.

निनाद दोन पावलं आला. तिसरं उचललं आणि हवेत धरलं. पिशवी पोटाशी घट्ट धरली होती, कोथिंबीर बाहेर डोकावत होती. चवड्याने त्याने फरशीची कड चाचपली, पलीकडची, न हलणारी, आणि तिथे भार दिला. मग पुढचं पाऊल, तसंच. तोंड किंचित उघडं, लहान मुलासारखं. सगळी बोळकांडी तो असा आला, पाण्यावरून चालत आल्यासारखा.

मी आकडा बघितला नाही. मला तो पाठ होता.

"किती दिवस चालतोयस असा?" मी हळूच विचारलं.

तो दचकला. "बापरे! तू जागी आहेस?"

"किती दिवस?"

"असा म्हणजे? फरशी निघाली तेव्हापासून. पण त्याआधीही तिची झोप सावधच होती की." तो कुजबुजत होता. "ती उठली की तूही उठतेस. तुला तेवढीच एक तास झोप मिळते."

मी उठून त्याच्या हातातली पिशवी घेतली. काहीतरी बोलायला हवं होतं, खूप काही. मी कोथिंबीर बाहेर काढली आणि तिच्यात तोंड खुपसून उभी राहिले.

"काय झालं गं?"

"चांगली मिळालीय," मी म्हणाले.

सोमवारच्या बैठकीत मी उभी राहून सांगितलं. शून्य हा आकडा नव्हताच, ती रिकामी जागा होती, आणि ती भरणारी ओळ माझी होती.

"म्हणजे यंत्र बिघडलं?" शिंत्रे सरांनी विचारलं.

"यंत्र नाही सर. मी चुकले." ती ओळ लिहिताना तीन आठवड्यांची रेवा अंगावर पीत होती, आणि मी एका हाताने लिहीत होते. हे मात्र मी सांगितलं नाही. "चंदगडच्या मुलींची मी माफी मागते. आणि आणखी एक आहे. आकडा बरोबर आला असता तरी तुम्ही त्याच्यावर मैदान ठरवू नये. पाऊल परकं असतं म्हणून थांबतं, असं आम्ही धरून चाललो. जपून टाकलेलं पाऊलही तेवढंच थांबतं. पट्ट्याला त्यातला फरक कळत नाही. मलाही कळला नव्हता."

माझ्या विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. राज्यभरच्या मैदानांवर हे पट्टे बसवायचा प्रस्ताव मंजुरीला गेला होता. तो आता परत येणार, हे त्यांच्या पुसण्यात दिसत होतं.

"मग बाई, खेळवायचं कुठं?" शिंत्रे सर वैतागले. "नाणं उडवू?"

"दोन्ही संघांना विचारलंय का कुणी?"

सरांनी इकडेतिकडे बघितलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. फोन लावले. ईश्वरी म्हणाली, गडहिंग्लज. मग कोल्हापूरच्या कर्णधाराचा आवाज सगळ्या खोलीत घुमला, "सर, आम्हाला पण तिथंच! त्या प्लास्टिकवर घसरलं की गुडघे सोलवटतात. आमच्या व्यवस्थापकांना सांगू नका हं मी म्हटलंय."

व्यवस्थापक शेजारीच बसले होते. त्यांनी छताकडे बघितलं.

सामना पुढच्या शनिवारी झाला. आम्ही तिघंही गेलो. खेळ सुरू व्हायच्या आधी चंदगडच्या मुलींनी बूट काढले, आणि त्यांचं बघून कोल्हापूरच्या मुलींनीही. "आई गं, काय गार आहे!" एक जण ओरडली, आणि बावीस मुली दवातून वेढा घालत गेल्या. कुणाच्याच पायाला पट्टा नव्हता. नूरमामा चिंचेखाली उभे होते, झाडू खाली ठेवून.

मी रेवाचे पायमोजे काढले आणि तिला रेषेच्या आत उभं केलं. मातीचा स्पर्श होताच तिने पाय वर घेतला, बोटं आखडली. आम्ही दोघं तिच्या दोन्ही बाजूंना, तिचा एकेक हात धरून, वाकून बसलो होतो. बराच वेळ ते पाऊल तसंच वर राहिलं. मला घाई नव्हती.

चंदगड हरलं. एकेक बरोबरी, मग पेनल्टीत एका गोलाने. ईश्वरी घामाने निथळत, चेहऱ्याला माती लागलेली, आमच्याजवळ आली आणि रेवाच्या गालाला बोट लावून म्हणाली, "आता लिहा मॅडम, पूर्वपरिचय झाला म्हणून."

घरी पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. झोपलेल्या रेवाला खांद्यावर घेऊन निनाद पुढे, मी मागे. बोळकांडीत तो तिसऱ्या फरशीपाशी थबकला. मीही त्याच्या मागे पाय हवेत धरून उभी राहिले.

पलीकडे गेल्यावर तो कुजबुजला, "उद्या गवंड्याला बोलावतो. पाच मिनिटांचं काम आहे, बसवून घेऊ."

"नको," मी म्हणाले. "राहू दे."